किल्ल्यावरची सकाळ

साताऱ्यात उजाडायच्या आतच अदालतवाड्याच्या बाजूने मंडळी अजिंक्यताऱ्याकडे निघतात. कानटोपीवाले पेन्शनर, भरतीची तयारी करणारी पोरे, पदर खोचून झपझप चालणाऱ्या बायका. डांबरी सडक थेट दरवाजापाशी जाते. तरी पायवाटच बरी. सडकेवर दुचाक्यांना वाट देता देता चालण्याची लय तुटते.

चढ साधारण हजार फुटांचा. सरावलेला माणूस पाऊण तासात वर पोचतो. औरंगजेबाला इथे चार महिने लागले! डिसेंबर १६९९ मध्ये त्याने वेढा घातला तेव्हा प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात खुद्द प्रयागजी ढिगाऱ्यात गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने मात्र तट बाहेरच्या अंगाला कोसळला, तो चढाईसाठी खाली टपून बसलेल्या मोगलांवरच. त्यांची शेकडो माणसे मेली. पण राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते. २१ एप्रिलला किल्ला पडला आणि शाहजादा आझमच्या नावाने 'आझमतारा' झाला. पुढे मराठ्यांनी तो परत मिळवला.

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यातच झाला. खालचे शहर वसवले तेही त्यांनीच. १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना कैदेत टाकले ते याच किल्ल्यावर. आता ताराबाईंच्या वाड्याच्या पडक्या भिंतींजवळून लोक बोलत बोलत निघून जातात. तिथे थांबणारे थोडे. बहुतेकांचे पाय मंगळाई देवीच्या देवळाकडे वळतात.

उत्तरेच्या तटावरून सगळे सातारा पायाशी दिसते. जो तो आधी आपले घर शोधतो, मग राजवाडा, मोती तळे, पोवई नाका. डावीकडे यवतेश्वरचा डोंगर, उजवीकडे महामार्गापलीकडे जरंडेश्वर. दक्षिणेच्या अंगाला गेले की सज्जनगड समोर येतो. पावसाळ्यात यातले काहीच दिसत नाही, धुक्यात दहा पावलांवरचा माणूससुद्धा हरवतो. तरी नेहमीचे लोक छत्री घेऊन येतातच. रोजची मंडळी तटावर फार रेंगाळत नाहीत. कुणाला कचेरी गाठायची असते, कुणाला दुकान उघडायचे असते. सवड असलेले उतरताना चार भिंतींकडे वळतात. ते १८५७ च्या वीरांचे स्मारक. संध्याकाळी तिथे भेळ खाणाऱ्यांची गर्दी असते, सकाळी मात्र शिलालेख निवांत वाचता येतो.