माजघरातली धर्मसत्ता

मार्गारेट अॅटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' 1985 साली आली. तिच्यातल्या गिलियड नावाच्या धर्मराज्यात बायकांची बँकखाती एका फटक्यात गोठतात, वाचण्यावर बंदी येते, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांच्या जागी चित्रं येतात. इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं त्यात काही घातलं नाही, हे लेखिकेने वारंवार सांगितलं आहे. मराठी वाचकाला ते फार लांब शोधावं लागत नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. नवऱ्याच्या आग्रहाने लिहा-वाचायला शिकलेली यमू विधवा होते आणि तिचं केशवपन बळजबरीने उरकलं जातं. तिच्या दारात एकही शिपाई उभा नाही.

गिलियडमागे बंदूकधारी राज्य होतं, आपल्याकडे तर नुसती रूढी, शिवाय 1856 पासून विधवाविवाह कायदेशीर, असं कोणी म्हणेल. माझ्या मते धर्मसत्तेची खरी ताकद इथेच दिसते. कायदा होऊन चौदा वर्षं झाली तरी 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद झाला, निर्णय पुनर्विवाहाच्या विरोधात गेला आणि सुधारकांवर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे पंगतीत पान नाही, कार्याला भटजी नाही, मुलीला स्थळ नाही. एवढा धाक असल्यावर तुरुंग कशाला हवा? रमाबाई रानड्यांचे पती न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, तरी शिकण्यावरून त्यांना घरातल्याच बायकांनी छळलं. अॅटवुडने पहारा 'आंट' म्हणवणाऱ्या बायकांच्याच हाती दिला, तो उगाच नव्हे.

हा जाच ब्राह्मणवाड्यांपुरताच होता, हा आक्षेप अर्धा खरा आहे. केशवपन बहुजनांत नव्हतं, अनेक जातींत पाट लागत असे. किनवट तालुक्यातल्या गोंडांमध्ये विधवेचं दुसरं लग्न मान्यच होतं. पण पत वाढली की घराणी वरच्यांचं सोवळं उचलतात आणि त्याची झळ आधी बाईला लागते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे मराठा घरातल्या. विधवेच्या वाट्याला आलेल्या जगण्यावरचा त्यांचा संताप 1882 च्या 'स्त्रीपुरुष तुलने'त ठासून भरला आहे. नवऱ्याचं प्रेत अंगणात असताना बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. आणि हे करायला पुढे होतात त्या बहुधा बायकाच, कित्येकदा स्वतः विधवा असलेल्या. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. परिपत्रकाने दहशत बसत नाही, हा त्याचा दुबळेपणा म्हणतात. मला ठरावाचं मोल वेगळं वाटतं: यमूच्या बाजूने बोलणारं गावात कोणी नव्हतं, हेरवाडात खुद्द गावच बोललं. आता बांगड्या फोडायला पुढे येणाऱ्या बाईला थांबवणारी दुसरी बाई त्या ठरावाकडे बोट दाखवू शकते.