हवेतल्या शब्दांची कणगी

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. मराठीचा मास्तर या नात्याने मीही ते वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण विज्ञानाने अलीकडे या वचनातून एक छोटीशी पळवाट काढली आहे, आणि ती चक्क आमच्या शेजाऱ्यांच्या माडीवर नांदते आहे!

हे शेजारी निवृत्त इंजिनियर आणि परवानाधारक ‘हॅम’. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच हौशी मंडळींशी देशोदेशी गप्पा मारायच्या. त्यासाठी रेडिओलहरींचे काही पट्टे राखून ठेवलेले असतात. आपल्याकडे ‘४० मीटर’चा पट्टा ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झचा. एकाच्या बोलण्याला तीनएक किलोहर्ट्झ जागा पुरते. म्हणजे या गल्लीत पन्नासेक संभाषणे एकाच वेळी खुशाल चालू शकतात.

जुन्या रेडिओचा काटा एका जागी लावला, की बाकीचे सारे हातचे जाई. नवा ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ अशी निवडच करीत नाही. तारेवर आलेली अख्ख्या पट्ट्याची लहर तो सेकंदाला अडीच लाख वेळा मोजतो आणि दर वेळी दोन आकडे टिपून ठेवतो. हे आकडे संगणकात साठवले, की तो सबंध पट्टाच घरात येतो. पडद्यावर तो धबधब्यासारखा उतरताना दिसतो. कुणी बोलले की तिथे उजळ रेघ उमटते. उद्या, परवा, वर्षाने, वाटेल तेव्हा ती नोंद उघडावी आणि काटा हवा तिथे न्यावा. काल जिकडे आपण फिरकलोही नव्हतो, तिथले बोलणे आज ऐकू येते!

याचे मोल केवढे? २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचे हॅम पथक पोर्ट ब्लेअरमध्येच होते. टेलिफोन बंद पडले आणि या मंडळींच्या रेडिओवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. अशा वेळी एकाचे ऐकावे तर दुसऱ्याचे निसटते. सारा पट्टाच नोंदलेला असला, तर एखादी क्षीण हाकही मागाहून शोधता येते.

खर्च मात्र थोडाथोडका नाही. एका आकड्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला १० लाख, तासाला ३.६ गिगाबाइट आणि दिवसाला ८६. एक टेराबाइटची डिस्क बारा दिवसांच्या आत भरते! मग जुने पुसणे आले. “एवढे साठवून करायचे तरी काय?” हा प्रश्न शेजारीणबाईंनी किती वेळा विचारला असेल, याची नोंद मात्र कुठल्याही डिस्कवर नाही.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांचे एक जुने हॅम मित्र वारले. गेलेल्या हॅमला ही मंडळी ‘सायलेंट की’ म्हणतात. म्हणजे मुकी झालेली कळ. काही दिवसांनी एका रात्रीची नोंद पुसण्यापूर्वी शेजारी ती सहज चाळीत होते. पट्ट्याच्या अगदी कडेला एक फिकट रेघ दिसली. काटा तिथे नेला, तर मित्राचाच आवाज! “सीक्यू, सीक्यू,” म्हणजे ‘कुणी आहे का?’ असे ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. कुणीच उत्तर दिले नव्हते. त्या रात्री शेजारी झोपले होते. जागे होते ते फक्त यंत्र.

मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. ‘बायकांचे गाणे, ते काय लिहायचे’ म्हणून कितीतरी ओव्या पहाटेबरोबर विरून गेल्या. काय मोलाचे ठरणार, हे त्या घडीला कुणाला कळते? यंत्र सारेच साठवते. पण त्यातले काय राखायचे, हे ऐकणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

तेवढा भाग शेजाऱ्यांनी वेगळा काढला आणि मित्राच्या मुलीला पाठवला. परवा त्यांनी आणखी एक नवी डिस्क आणली. या वेळी घरात कुणी काही विचारले नाही.