बंदी सहा आठवड्यांची, जन्माची नव्हे

मे महिन्यात पेसमेकर बसवून आलेल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, पेरणीला उभं राहता येईल का?’ सोबत आलेल्या मुलाचा प्रश्न नेमका उलटा असतो : ‘यांना आता घरीच बसवून ठेवायचं ना?’ दोघांची काळजी खरी आहे. दोघांचेही उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. हृदयात सोडलेली तार तिथे पक्की रुजायला किती दिवस लागतात, ती ही गोष्ट.

बुलडाणा जिल्ह्यातील अनेक रुग्ण पेसमेकरसाठी छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा नागपूर गाठतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया असल्याने खर्चाचा भार पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. गुंतागुंत नसेल तर दोन-तीन दिवसांत सुटी होते. हातात इंग्रजीत लिहिलेला सुटीचा कागद असतो आणि पुढचे दोन महिने रुग्ण गावात काढतो. तिथे ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. ‘मोबाईल धरू नको’, ‘टीव्हीसमोर बसू नको’, ‘हात हलवू नको’, ‘आता वावर विसर’. यातले काय खरे, काय खोटे आणि जे खरे आहे ते किती दिवसांपुरते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

तार का जपायची?

हृदयाचे ठोके पडण्यासाठी हृदयातच विजेचा एक नैसर्गिक संदेश तयार होतो. वयोमानाने किंवा आजाराने हा संदेश उशिरा निघू लागला किंवा वाटेत अडू लागला, की नाडी मंदावते. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चालता चालता कोसळतो. अशा वेळी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, साधारण २० ते ३० ग्रॅम वजनाची एक चपटी डबी बसवतात. तिच्यापासून निघालेल्या एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत सोडतात. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन तास-दीड तासात काम होते. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर पडला तर यंत्र गप्प राहते. ठोका चुकला तरच ते हलका संदेश देते.

तारेच्या टोकाला बारीक स्क्रू किंवा आकडे असतात. सुरुवातीला तार एवढ्याच आधारावर टिकून असते. मग तिच्याभोवती शरीराची पेशीजाळी वाढते आणि ती घट्ट बसते. त्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी हाताला मोठा हिसका बसला तर तार जागेवरून सरकू शकते. शंभरात दोन-तीन रुग्णांना हा त्रास होतो, तोही बहुतेक पहिल्या काही दिवसांत, आणि मग पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. हाताच्या सगळ्या बंधनांमागे एवढेच कारण आहे.

पहिले दीड महिने

ज्या बाजूला यंत्र आहे, त्या हाताचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये. त्या हाताने दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. जोरात ओढणे, ढकलणे टाळावे. ऐकायला सोपे वाटते, पण आपल्या घरात हलके काय असते? पाण्याने भरलेली बादली १२ ते १५ किलोची, युरियाचे पोते ४५ किलोचे, १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप २० किलोच्या आसपास. विहिरीचा दोर, हापशाचा दांडा, डोक्यावरचा हंडा सावरायला वर गेलेला हात, फळीवरचा डबा काढणे, वळणीवर ओले लुगडे टाकणे, या सगळ्या गोष्टी सहा आठवडे दुसऱ्यांनी कराव्यात. जनावराचे दावेही हातात घेऊ नये. बैल शांत असला तरी माशी बसल्यावर तो मान झटकतोच, आणि नेमका तोच हिसका नको असतो.

करायच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागावे. स्वतःच्या हाताने जेवावे, दात घासावेत, भाजी निवडावी. आठ-दहा दिवसांनी दुखत नसेल तर बसून थोडी कणीक मळता येते, भाकरी थापता येते. सदरा किंवा ब्लाऊज पुढून उघडणारा असावा. घालताना आधी यंत्राच्या बाजूचा हात आणि काढताना तो शेवटी. पती-पत्नीच्या संबंधांविषयी रुग्ण संकोचाने विचारत नाहीत, म्हणून इथेच सांगतो. एक-दोन आठवड्यांनी, त्या हातावर भार न देता, हरकत नसते.

जखम सात ते दहा दिवस कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, तूप, मलम, अंगारा काहीही लावू नये. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. यंत्राच्या जागी सूज आली तर तिथे कुठेही सुई घालून पाणी किंवा रक्त काढून घेऊ नये. सुईवाटे जंतू आत शिरले तर डबी आणि तारा, दोन्ही काढण्याची वेळ येते. सूज दिसली की जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच दाखवावे.

बांधून ठेवलेला हात

तार सरकण्याची भीती सगळ्यांना असते. तिच्या उलट टोकाचा त्रास मात्र कोणी सांगत नाही. घरच्यांनी प्रेमापोटी तीन-तीन महिने झोळीत अडकवून ठेवलेले हात घेऊन रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतात. यंत्र उत्तम चालत असते, जखम भरलेली असते, पण खांदा आखडलेला असतो. वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, रात्री कुशीवर झोपता येत नाही. असा आखडलेला खांदा मोकळा व्हायला कित्येक महिने लागतात. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचा त्या काळातला रोजगार जातो.

म्हणून झोळी लागलीच तर पहिला एखादा दिवस, किंवा झोपेत हात वर जाऊ नये म्हणून काही रात्री. दिवसा हात हलता ठेवावा. बोटे उघडमीट करावीत, मनगट आणि कोपर वाकवावे. थोडे पुढे वाकून हात लोंबता सोडावा आणि अलगद झुलवावा. हात पुढे आणि बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत नेण्यास बहुधा हरकत नसते. पहिल्या तपासणीत डॉक्टरांना तसे विचारून घ्यावे. दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटे एवढे केले तरी पुरते.

वावरात परतताना

आता पेरणीचा प्रश्न. मेच्या पहिल्या आठवड्यात यंत्र बसले असेल, तर जूनच्या मध्यावर सहा आठवडे पूर्ण होतात. तपासणीत तार जागेवर असेल तर बांधावर उभे राहून देखरेख करणे, बियाणे मोजून देणे, हलके निंदण, पुढे कापसाची वेचणी ही कामे टप्प्याटप्प्याने सुरू करता येतात. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग हळूहळू वाढवत जावे. पोती उचलण्याची घाई नको.

काही कामांत मात्र कायम जपावे लागते. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा नेमका डबीवर घासतो. वर्षानुवर्षे घासून तिथली कातडी पातळ होऊ शकते. जमल्यास हे काम दुसऱ्याकडे द्यावे, नाहीतर पट्ट्याखाली जाड मऊ घडी ठेवावी. कुऱ्हाडीने लाकूड फोडण्यासारख्या कामात तार गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा चेपली जाते आणि काही वर्षांनी ती तुटू शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना दोन गोष्टी सांगाव्यात : आपण कोणते काम करतो आणि कोणत्या हाताने करतो. त्यानुसार बाजू ठरवता येते.

मोटारसायकल सहा आठवडे स्वतः चालवू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडल सांभाळताना हाताला हिसके बसतात. ज्याला आधी झटकन बेशुद्धी यायची, त्याने कोणतेही वाहन चालवण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. ट्रक, एसटी किंवा काळीपिवळी चालवणाऱ्यांसाठी ती जास्तच गरजेची.

शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जाता येईल का, हेही आषाढाच्या तोंडावर हमखास विचारले जाते. यंत्र रुजल्यावर चालण्याला त्याची आडकाठी नसते. अनेक यंत्रांत शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवण्याची सोयही असते. पण हृदयाचे स्नायू किती बळकट आहेत, दम लागतो का, हे वेगळे पाहावे लागते. महिनाभराच्या वाटचालीचा निर्णय ती तपासणी करून घ्यावा.

वीज, चुंबक आणि मोबाईल

टीव्ही, फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन चांगल्या स्थितीत असतील तर बिनधास्त वापरावेत. मोबाईल विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि डबीवरच्या खिशात ठेवू नये. १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी अंतर पुरेसे आहे. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट दूर राहावे. सुरक्षा तपासणीच्या दारातून न थांबता सरळ चालत जावे. हातातले तपासणी यंत्र छातीवर धरू नये, असे कार्ड दाखवून सांगावे.

शेतातली वीज मात्र जपून हाताळावी. मोटरची बॉडी किंवा स्टार्टर करंट मारत असेल, तर इतरांना नुसता मुंग्या आल्यासारखा वाटणारा झटकाही पेसमेकरला गोंधळात टाकू शकतो. तो करंटला हृदयाचा ठोका समजतो आणि गप्प बसतो. अर्थिंग नीट करून घ्यावे, ओल्या हाताने स्टार्टर दाबू नये. रोही आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनच्या तारेला अजिबात शिवू नये. वावरात जाण्याआधी घरच्यांनी ती बंद करावी. वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कामाला हात लावू नये. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा गवत कापण्याचे यंत्र सुरू असताना त्याचे इंजिन छातीपासून फूटभर दूर असावे.

सांधेदुखीसाठी विकले जाणारे चुंबकाचे पट्टे आणि गाद्या वापरू नयेत. मोठा चुंबक जवळ आला की यंत्र हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष देणे थांबवते आणि ठरावीक गतीने संदेश देत राहते. तो दूर केला की पूर्ववत होते. एक्स-रे, सोनोग्राफी करायला हरकत नाही. एमआरआयच्या आधी मात्र आपले यंत्र आणि तारा त्यासाठी योग्य आहेत का, हे तपासून घेणे आवश्यक आहे.

लगेच दवाखाना केव्हा गाठायचा?

पुन्हा चक्कर किंवा बेशुद्धी आली, धाप वाढली, छातीत दुखू लागले, तर थांबू नये. जखम लाल झाली, गरम लागली, पू आला, ताप आला किंवा कातडीतून डबीची कड दिसू लागली, तरी तेच. उचकी थांबत नसेल किंवा पोटाचा स्नायू सतत फडफडत असेल, तर तार सरकल्याचे ते लक्षण असू शकते. ज्या बाजूला यंत्र आहे तो हात सुजला तर शिरेत गाठ झाली असेल. रोज सकाळी बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. कार्डावर यंत्राची किमान गती लिहिलेली असते, बहुधा ६०. नाडी वारंवार त्याखाली भरली तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा. डबी बोटांनी चाळवण्याची किंवा फिरवण्याची सवय लावून घेऊ नये. तशाने आतल्या तारेला पीळ पडतो.

पुढची वर्षे

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा आणि नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने यंत्राची तपासणी असते. बरे वाटते म्हणून ती चुकवू नये. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते आणि ती संपत आल्याचे तपासणीत आधीच कळते. तेव्हा पूर्ण डबी बदलतात. तारा चांगल्या असतील तर त्याच राहतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी हाताची बंधने बरीच कमी असतात.

‘पेसमेकर असलेल्याचा जीव लवकर जात नाही’ असेही बोलले जाते. ते खरे नाही. हृदयाचा स्नायूच थांबला तर यंत्राच्या संदेशाला तो प्रतिसाद देत नाही. कुटुंबाने एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. अग्निसंस्कारापूर्वी डबी डॉक्टरांकडून काढून घ्यावी लागते, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो.

शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे त्यांची यंत्रे वीसहून अधिक वेळा बदलावी लागली. तरी ते २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले आणि गेले ते दुसऱ्याच आजाराने. आजची यंत्रे त्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहेत.

घरच्यांनी आज दोन कामे करावीत. शस्त्रक्रियेच्या तारखेपासून सहा आठवडे मोजून कॅलेंडरवर खूण करावी. त्याच्या आसपास तपासणीची तारीख घ्यावी आणि तिथे ‘आता कोणते काम सुरू करू?’ असे कामाचे नाव घेऊन विचारावे. पेसमेकरच्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा आणि मूळ कार्ड रुग्णाच्या खिशात असावे, विरुद्ध बाजूच्या.