हंगाम संपल्यावर काय खायचं?

"मुलगा काय करतो?"

"फुटबॉल खेळतो. तालमीकडनं. सेंटर हाफ हाय."

"ते कळलं हो. पण करतो काय?"

लग्नाच्या बोलणीतला हा संवाद आमच्या कोल्हापुरात मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसूही येत नाही. मुलीकडचे बाहेरगावचे असतील तर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग पगार किती?" आणि मग मुलाची आई पदर सावरत चहा आणायला आत जाते. कारण या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मुलगा खेळतो हे खरं, त्याचे त्याला पैसे मिळतात हेही खरं. पण त्याला पगार म्हणावं का, हे त्या माउलीलाही सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, फुटबॉल म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचे कोट्यधीश आठवतात. आपल्या घरात मात्र फुटबॉल येतो तो चिखलाने भरलेल्या मोज्यांच्या रूपाने. ते मोजे कोण धुतं, अंडी-दुधाचा खर्च कुठून भागवला जातो, घोटा सुजला की रात्री हळद-तेल कोण लावतं, हे क्रीडापानावर कधी छापून येत नाही. म्हणून आज या पानावर लिहिते.

पेठेचा खेळ

बाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. कोल्हापूर जसं कुस्तीचं, तसंच फुटबॉलचंही गाव. इथले संघ म्हणजे पेठांच्या तालमी आणि मंडळं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. नुसती नावं घेतली तरी घराघरात भांडणं लागतील! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'केएसए', लीग भरवते. त्यानंतर महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा एकामागून एक. थंडीत सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. पावसाच्या तोंडावर सगळं थांबतं.

याच गावातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि पुढे मोठ्या क्लबांमधून खेळू लागला. त्या वर्षी प्रत्येक आईला आपल्या पोरात अनिकेत दिसत होता. दिसायलाच हवा. पण अनिकेत एखादाच होतो. बाकीचे शेकडो जण मधल्या पायरीवर उभे असतात, ना पूर्ण हौशी, ना पूर्ण व्यावसायिक. इंग्रजीत त्याला सेमी-प्रोफेशनल म्हणतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी त्याचं मराठी भाषांतर फार छान केलंय. त्या म्हणतात, "पोरगं मे म्हैन्यापर्यंत राजा, जूनपास्नं बेकार."

पैशाचं गणित

हे पैसे मिळतात कसे? कुणाचं हंगामाचं ठरलेलं असतं, कुणाला सामन्यामागे मिळतात, तर कुणाला बूट, किट आणि जिंकल्यावर बक्षिसातला वाटा. मंडळाकडे तरी पैसा येतो कुठून? गल्लीतली वर्गणी, एखादा व्यापारी, एखादा पुढारी आणि स्पर्धांची बक्षिसं. निवडणुकीचं वर्ष असलं की हात सैल, नसलं की आखडता. कागदावर बहुधा काहीच नसतं. सगळा व्यवहार शब्दावर.

आमच्याकडे एक जुना संस्कार आहे, तालमीसाठी खेळायचं, पैशासाठी नाही. तालमीचा टी-शर्ट अंगावर चढवणं हाच मान. या संस्काराचा मला आदर आहे. पण आता संघांमध्ये बाहेरून खेळाडू येतात. गोव्याहून येतात, नायजेरिया, घानासारख्या देशांतूनही येतात. त्यांना पैसे मोजावेच लागतात, ती मुलं घरदार सोडून त्यासाठीच आलेली असतात. मग गल्लीतल्या पोरानं पैशाचं नाव काढलं की मात्र तो "तालमीचा राहिला नाही" असं का व्हावं? त्याच्या घरी गॅस फुकट मिळतो का?

जून उजाडला की ही मुलं विखुरतात. कुणी गॅरेजमध्ये, कुणी गुजरीत सराफाच्या दुकानात, कुणी घरोघर पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत. आणि उरलेली खेळतच राहतात. पावसाळ्यात टर्फवर रात्रीच्या पाच-पाच जणांच्या स्पर्धा असतात, तिथे जातात. खरं तर हंगामानंतर शरीराला काही आठवडे सक्तीची विश्रांती हवी. मोठ्या क्लबांत ती भरपगारी मिळते. इथे विश्रांती घेतली की त्या दिवसाची कमाई बुडाली.

केरळातल्या रात्री

हे फक्त आमचंच दुखणं नाही. केरळात मलप्पुरम, कोझिकोड भागात 'सेव्हन्स' नावाचा सात-सात जणांचा फुटबॉल चालतो. साधारण नोव्हेंबर ते मे. कापणी झालेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या उभ्या राहतात, दिव्यांच्या झोतात रात्री सामने होतात आणि माणसांचा पूर लोटतो. आफ्रिकेतून आलेले खेळाडू तिथे एका रात्रीत एका गावात, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात खेळतात. 2018 मध्ये आलेला 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' हा मल्याळम चित्रपट याच जगावरचा. पाय मोडून अंथरुणाला खिळलेला नायजेरियन खेळाडू आणि त्याला पोटच्या पोरासारखं जपणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायका. मिळाला तर जरूर बघा. खेळाडू जायबंदी झाल्यावर शेवटी त्याला कोण सांभाळतं, याचं उत्तर त्या चित्रपटात आहे.

राष्ट्रीय महासंघाच्या चौकटीत हे सामने बसत नाहीत. क्लबशी करार असलेले खेळाडू तरीही लपूनछपून खेळतात, असं बोललं जातं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण वर्षातले पाच-सहा महिनेच पैसे देणाऱ्याने बाकीच्या महिन्यांवर हक्क सांगावा, हा कुठला न्याय?

आणि हा प्रश्न आजचाही नाही. फुटबॉलचं माहेर असलेल्या इंग्लंडमध्ये 1901 पासून खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. 1961 च्या जानेवारीत ती उठली, तेव्हा मर्यादा होती आठवड्याला 20 पौंड. तीही हंगामात, उन्हाळ्याच्या सुट्टीत 17 पौंड! इंग्लंडकडून 76 सामने खेळलेला टॉम फिनी नळदुरुस्तीचा धंदा करायचा. 'प्रेस्टनचा प्लंबर' हे त्याचं कौतुकाचं नाव. जिमी हिल या खेळाडूने खेळाडूंना संघटित केलं, संपाची तयारी केली, तेव्हा कुठे ती मर्यादा गेली.

आणि मुली?

आतापर्यंत मुलांचं सांगितलं. मुलींची कहाणी याहून अवघड आहे, कारण त्यांच्यामागे पेठेची वर्गणीही नसते.

आमच्या ओळखीत एक मुलगी आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. वय बावीस. शाळेत असल्यापासून खेळते. पुण्या-मुंबईच्या संघांना खेळाडू कमी पडले की तिला फोन येतो. रात्रीच्या गाडीने जायचं, खेळायचं, परत रात्रीच्या गाडीने यायचं. गाडीभाडं आणि वर थोडे पैसे. एरवी एका शाळेत मुलींना शिकवते, तिथलं मानधन सुट्टीत बंद. दोन वर्षांमागे पावसाळ्यात टर्फवरच्या स्पर्धेत खेळताना तिचा गुडघा फिरला. तपासणीत कळलं, आतला लिगामेंट तुटलाय. ऑपरेशन, आणि त्यानंतर निदान नऊ महिने मैदान बंद.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी बर्फ दिला. मग फोन उचलणं बंद केलं. ती ज्या संघाकडून उतरली होती, त्यांचं म्हणणं, "ती आमची कायमची खेळाडू नव्हती." तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं, दोन पाटल्या गहाण ठेवल्या. अजून हप्ते चालू आहेत.

मी तिला विचारलं, "अगं, हंगाम संपला होता ना? मग कशाला गेलीस?" ती आमच्या कोल्हापुरी मुली बोलतात तसं ठसक्यात म्हणाली, "मावशी, मग काय घरात बसून राहू काय? खेळलो तर पैसे मिळतात. आईकडं किती दिवस मागू?"

यावर काय बोलणार?

मुलींना या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, असं क्रीडावैद्यक सांगतं. म्हणजे जिथे पैसा कमी, तिथेच जोखीम जास्त. खेळाडूंच्या 'फिफप्रो' या जागतिक संघटनेने 2017 मध्ये जगभरातल्या महिला खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणींना क्लबकडून काहीच पगार मिळत नव्हता.

आपल्याकडे इंडियन वुमेन्स लीग 2016-17 मध्ये सुरू झाली. आमच्या अभिमानाची गोष्ट म्हणजे 2019-20 च्या लीगमध्ये 'एफसी कोल्हापूर सिटी' हा संघ खेळला. पण ती अख्खी स्पर्धा बेंगळुरूला साधारण तीन आठवड्यांत उरकली. तीन आठवड्यांची लीग, मग उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांचं काय? 2023 मध्ये महासंघाने ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंशी करार करावा आणि वर्षाला किमान 3 लाख 20 हजार रुपये द्यावेत. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. ही रक्कम मोठी नाही, पण ती वर्षाची आहे, हंगामाची नाही, हे महत्त्वाचं. आणि ती मिळते देशातल्या मोजक्या क्लबांमधल्या मोजक्या मुलींना. बाकीच्या सगळ्या रेल्वे, पोलीस किंवा सशस्त्र सीमा बलाच्या नोकरीकडे डोळे लावून असतात.

याच परिस्थितीतून आलेल्या मुलींनी 2025 च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 असं हरवलं आणि आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. नोकरी नसती तर ती त्या दिवशी मैदानात असती का, कोण जाणे.

आपल्या हातात काय आहे?

मुलाला किंवा मुलीला खेळू नको म्हणणं हा उपाय नव्हे. पण घरातल्या बायकांनी चार गोष्टी विचारायला सुरुवात केली तर फरक पडेल.

पहिली गोष्ट, कागद. मंडळ असो वा क्लब, किती पैसे, कधी आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे एका पानावर लिहून घ्या. अविश्वास म्हणून नव्हे, व्यवहार म्हणून. महिला खेळाडूंना बाळंतपणाची निदान 14 आठवड्यांची पगारी रजा मिळावी, असा फिफाचा नियम 2021 पासून आहे. पण करारच नसेल तर तो नियम कुठे लागू होणार?

दुसरी, विमा. पॉलिसी घेताना खेळताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे स्पष्ट विचारा. पैसे घेऊन खेळणाऱ्यांची दुखापत पुष्कळ पॉलिसींमध्ये धरत नाहीत.

तिसरी, प्रमाणपत्रं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. गल्लीतल्या चषकाची ढाल तिथे चालत नाही. ही प्रमाणपत्रं फाइलला लावून नीट ठेवा. ते काम पोरं करत नाहीत, आपल्यालाच करावं लागतं.

आणि चौथी गोष्ट, वर्गणी. गणपतीची असो वा संघाची, ती आपल्या दारातून जाते. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत गेल्या वर्षी चार-पाच जणी पहिल्यांदाच जाऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. हिशेब वाचून झाला. मिरवणुकीच्या साउंड सिस्टीमचा आकडा आला तेव्हा एकीने उभं राहून विचारलं, "एवढ्यात आमच्या सगळ्या पोरांचा विमा निघतोय का न्हाई, तेवढं सांगा." बैठकीत शांतता. मग खजिनदाराने कॅल्क्युलेटर काढला.

विमा निघाला. निम्म्या रकमेतच निघाला. साउंड सिस्टीमही वाजली, थोडी लहान.