अपूर्णांकांची समीकरणे आणि भागीदारीचे हिशेब

समीकरणात अपूर्णांक आला की आपल्या घरांतील मुलेमुली लेखणी खाली ठेवतात, आणि वडीलधारी मंडळी 'हे तुमचे नवे गणित' असे म्हणून अंग काढून घेतात. वस्तुतः हे गणित नवे नाही, आणि व्यापाऱ्याला परके तर मुळीच नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी तोंडपाठ केली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज सांगावे लागते! दिनांक १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पुढे मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. त्यामुळे बाजारातील अपूर्णांक पुष्कळ कमी झाले, परंतु भागीदारीतून ते गेले नाहीत. अमका चार आण्यांचा भागीदार, असे आपण आजही म्हणतो.

या विषयाचा आपल्या समाजाशी एक जुना संबंध आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड. त्यांचे राज्य महाराष्ट्रावरही होते. मद्रास येथे १९१२ साली प्राध्यापक रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून त्याची हिंदी आवृत्ती निघाली. अपूर्णांकांच्या प्रकरणाला आचार्यांनी 'कलासवर्ण' म्हटले आहे. कला म्हणजे अंश. त्या सर्वांना सवर्ण, म्हणजे एका जातीचे करणे. शाळेत ज्याला समच्छेद म्हणतात ते हेच. निरनिराळ्या छेदांचा जो लघुतम साधारण विभाज्य, त्यालाही 'निरुद्ध' असे नाव देऊन त्यांनी तो काढण्याची रीत सांगितली आहे.

त्यांच्या ग्रंथातील एका उदाहरणाचा आशय असा : एका खांबाचा आठवा भाग जमिनीत, तिसरा भाग पाण्यात, चौथा भाग शेवाळात आणि उरलेला सात हात उघड्यावर दिसतो, तर खांब किती लांब? आचार्यांची रीत अशी की, सर्व भागांची बेरीज एकातून वजा करावी आणि उरलेल्या अपूर्णांकाने दिसणाऱ्या राशीला भागावे. येथे बेरीज १७/२४ येते, ७/२४ उरतात, आणि खांब २४ हात ठरतो. आजचा विद्यार्थी लांबीला क्ष मानून असे लिहील :

क्ष/८ + क्ष/३ + क्ष/४ + ७ = क्ष

आठ, तीन व चार यांचा लसावि २४. प्रत्येक पदाला २४ ने गुणिले की छेद नाहीसे होतात :

३क्ष + ८क्ष + ६क्ष + १६८ = २४क्ष

म्हणजे ७क्ष = १६८, आणि क्ष = २४.

सारी युक्ती एवढीच आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांतील माल सारख्याच पटीने वाढविला तर काटा हलत नाही. मात्र पारड्यातील एकही जिन्नस वाढविल्यावाचून राहता कामा नये. मुलांचे येथेच चुकते. क्ष/८ ला ते २४ ने गुणितात, पण ७ हा पूर्णांक आहे, त्याला छेदच नाही, म्हणून त्याला तसाच ठेवतात.

दुसरी चूक याहून फसवी आहे. पुढील समीकरण पाहावे :

क्ष/२ − (क्ष − ४)/३ = ५

अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचेही काम करीत असते. सहाने गुणून रेघ पुसली की कंस राहिलाच पाहिजे : ३क्ष − २(क्ष − ४) = ३०. कंस सोडविताना उणे चारचे अधिक आठ होतात, म्हणून ३क्ष − २क्ष + ८ = ३० आणि क्ष = २२. ताळा पाहू : २२ चे निम्मे ११, १८ चा तिसरा हिस्सा ६, वजाबाकी ५. कंस विसरून जो उणे आठ लिहील त्याचे उत्तर ३८ येईल, आणि त्याचा ताळा पाच न येता ७ पूर्णांक २/३ येईल. वहीत रोकड न जुळवता दुकान बंद करणारा मुनीम आपण ठेवणार नाही. मग ताळा न पाहता गणित सोडणाऱ्या मुलाला का सोडावे?

आता भागीदारीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका पेढीच्या तंट्यात मला पंच म्हणून बसण्याचा प्रसंग आला. तीन भागीदारांचे हिस्से अनुक्रमे एक तृतीयांश, एक चतुर्थांश व तीन अष्टमांश असे ठरलेले होते. पुढे जुन्या मुनिमाला प्रामाणिक सेवेबद्दल एक आणा, म्हणजे सोळावा हिस्सा, देण्याचे कबूल झाले आणि तेवढीच ओळ भागीदारीपत्रात वाढविली गेली. तेव्हापासून दर दिवाळीला वाटप करताना रक्कम कमी पडू लागली. वह्या मुनिमाच्या हातात, म्हणून संशय त्याच्यावर! चाळीस वर्षांची चाकरी केलेला मनुष्य ओळीने तीन वर्षे मान खाली घालून बसला होता.

वह्या तपासण्यापूर्वी आम्ही हिस्स्यांची बेरीज केली. छेद ३, ४, ८ आणि १६. त्यांचा लसावि ४८. अंश झाले १६, १२, १८ आणि ३, म्हणजे एकूण ४९. अठ्ठेचाळीस भागांच्या मालाचे एकोणपन्नास भाग वाटायला निघाल्यावर रक्कम पुरणार कशी? पहिले तीन हिस्से मिळून ४६/४८ होत होते, तेव्हा चौथ्याला २/४८ एवढीच जागा होती. तीत ३/४८ बसविले होते. वह्यांत एका पैशाचाही घोळ नव्हता.

वाटप कसे करावे, याला समीकरणानेच उत्तर दिले. समजण्यास सोपा म्हणून नफा २,४५,००० रुपये धरू. ज्या रकमेवर हे हिस्से मोजले असता बेरीज बरोबर नफ्याइतकी होईल, ती रक्कम क्ष मानू :

क्ष/३ + क्ष/४ + ३क्ष/८ + क्ष/१६ = २,४५,०००

४८ ने गुणून ४९क्ष = १,१७,६०,०००, म्हणजे क्ष = २,४०,०००. हिस्से झाले ८०,०००, ६०,०००, ९०,००० व १५,०००, बेरीज २,४५,०००. प्रत्येकाचे थोडेथोडे कमी झाले, पण आपसांतील प्रमाण रेसभरही बदलले नाही. तिघांनी ते मान्य केले आणि भागीदारीपत्र ४९ भागांचे नवे लिहिले. वडील भागीदारांनी मुनिमाची क्षमा सर्वांसमक्ष मागितली, हे मला हिशेबापेक्षा अधिक मोलाचे वाटले.

कधी कधी अव्यक्त राशी छेदातच बसलेली असते. गव्हाचा भाव क्विंटलला क्ष रुपये, हरभऱ्याचा त्याच्या दुप्पट. प्रत्येकी १,२०,००० रुपयांची खरेदी केली आणि एकंदर ६० क्विंटल माल आला. तर १,२०,०००/क्ष + १,२०,०००/२क्ष = ६०. येथे २क्ष ने गुणावयाचे : ३,६०,००० = १२०क्ष, आणि गव्हाचा भाव ३,०००. गहू ४० क्विंटल, हरभरा २० क्विंटल. ताळा जमला.

अशा समीकरणांत आणखी एक पथ्य पाळावे लागते. क्ष/(क्ष − ४) = २ + ४/(क्ष − ४) हे क्ष − ४ ने गुणले तर क्ष = २क्ष − ८ + ४, म्हणून क्ष = ४. उत्तर सरळ दिसते. पण ते मूळ समीकरणात घातले की छेद शून्य होतो. शून्याने भागलेली राशी जशीच्या तशी राहते, असे महावीराचार्यांनी म्हटले आहे, आणि ते बरोबर नाही. आचार्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त अशा राशीला 'खहर' असे वेगळे नाव दिले. आजच्या गणितात शून्याने भागाकार करताच येत नाही, असे मानतात. तेव्हा गुणण्यापूर्वीच कागदाच्या कडेला 'क्ष चार नाही' असे लिहून ठेवावे, आणि अखेरीस चारच आले तर या समीकरणाला उत्तर नाही, असे निःशंकपणे लिहावे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात.