कामाची जागा : लेखांक ६ – दहाच्या आतला गाळा

गेल्या आठवड्यात अंबरनाथ एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांतली अंतर्गत समिती पाहिली. पण उल्हासनगरचा बराचसा धंदा मोठ्या फाटकाआड चालत नाही. कॅम्पातल्या एखाद्या गाळ्यात चार शिलाई मशिनं, एक कटिंग मास्तर आणि धागे कापायला, बटणं लावायला दोन-तीन बाया. पगार पीसवर. शेठ स्वतः गल्ल्यावर बसलेला. इथे एखाद्या बाईला त्रास झाला तर तिनं कुणाकडे जायचं?

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा इथेही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हजेरीपटावर सातच नावं आहेत म्हणून शेठ सुटला, असंही नाही. रोजंदारीवरची, ठेकेदारानं आणलेली, तात्पुरती, सगळी माणसं कायद्याच्या व्याख्येत कर्मचारीच आहेत. हा हिशोब नीट केला तर कितीतरी ‘छोटे’ गाळे दहाच्या वर जातील, आणि समिती न नेमल्याबद्दल ५० हजारांपर्यंत दंडाला पात्र ठरतील.

आता अडचण. स्थानिक समिती जिल्ह्याची, म्हणजे कारभार ठाण्याचा. पीसवर काम करणारी बाई ठाण्याला गेली की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि ‘कुठे होतीस?’ या प्रश्नाला उत्तरही तयार ठेवावं लागतं. कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचलं होतं. कलम ६ म्हणतं की शहरी भागात प्रत्येक प्रभागात किंवा नगरपालिकेत एक नोडल अधिकारी असावा. त्यानं तक्रार घ्यायची आणि ७ दिवसांत समितीकडे पोहोचवायची. म्हणजे उल्हासनगरच्या बाईनं महापालिकेपर्यंत, बदलापूरच्या बाईनं कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेपर्यंत जावं, एवढंच. माझ्या मते अख्ख्या कायद्यात गाळ्यातल्या बाईच्या सर्वांत उपयोगाची तरतूद हीच, आणि चर्चा मात्र सगळी अंतर्गत समितीची, कॉर्पोरेट प्रशिक्षणांची.

तक्रार लेखी हवी. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीच्या अध्यक्षांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. मुदत घटनेपासून ३ महिने, कारण पटलं तर आणखी ३. चौकशी ९० दिवसांत. समितीवर एक सदस्य तालुक्यात, प्रभागात किंवा नगरपालिका क्षेत्रात काम करणारी स्त्री असावी, असंही लिहिलेलं आहे. धागे कापणारी बाई त्या खुर्चीवर बसू शकते. बसवायची इच्छा हवी.

कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरलं, हे सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निकाल देताना न्यायालयानं कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये तारखाच घालून दिल्या: जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत, आणि तालुक्यांत नोडल अधिकारी. कायदा २०१३ चा; अकरा वर्षांनी न्यायालयाला तारखा सांगाव्या लागल्या, यातच काय ते आलं.

राज्यानं १९९४ मध्ये महिला धोरण आणलं, २०२४ मध्ये चौथं. पालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतल्या नगरसेविकांनी सभागृहात एकच साधा प्रश्न विचारावा: आपल्या हद्दीतल्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर काय, आणि तो प्रभाग कार्यालयाच्या फलकावर का नाही? नाव मिळालं की ते शिलाईच्या गल्ल्यांत, लोकलच्या लेडीज डब्यात सकाळच्या गर्दीत सांगत सुटायला फार खर्च येत नाही.

घरकामाला जाणाऱ्या बाईची वाट थोडी निराळी आहे. तिचं कामाचं ठिकाण म्हणजे कुणाचं तरी घर, आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. पुढचा लेखांक त्यावर.