तीन काठ्या आणि एक दगड

मराठीत उंदीर पकडायचा तोही सापळा आणि हाडांचा तोही सापळाच. व्युत्पत्तीच्या वाटेला मी जात नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण ज्या सापळ्याविषयी इथे लिहायचे आहे त्याला दोन्ही अर्थ चपखल बसतात. तीन सुक्या काठ्या एकमेकींना टेकून उभ्या, आणि त्यांच्या आधाराने एका कडेवर तिरका उचलून धरलेला सपाट दगड. एवढाच त्याचा सांगाडा. खिळा नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही. आमिषाला तोंड लागले की काठ्या निसटतात आणि दगड पडतो. इंग्रजीत याला 'डेडफॉल' म्हणतात. मी त्याला दगडी सापळा म्हणणार आहे.

मी आयुष्यभर एका पॉलिटेक्निकमध्ये यंत्ररचना शिकवली. मुलगी अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो शहरी असते, तिच्याकडे राहायला गेलो असताना या सापळ्याशी ओळख झाली आणि तेव्हापासून काठ्या कोरणे हा माझा नित्याचा उद्योग होऊन बसला. एकही प्राणी मी पकडलेला नाही आणि पकडणारही नाही. मग हे शिकायचे कशाला, असा प्रश्न घरात आणि बाहेर वारंवार विचारला जातो. तो प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी या काठ्या करतात काय, ते पाहायला हवे.

सर्वांत प्रसिद्ध रचना चारच्या आकड्याची. मात्र आपला ४ इथे चालत नाही. इंग्रजी चार डोळ्यांसमोर आणावा लागतो. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी रेघ आणि उभीच्या माथ्यापासून आडवीच्या बाहेरच्या टोकापर्यंत उतरणारी तिरपी रेघ. उभी काठी म्हणजे टेकू. तिरपी काठी म्हणजे तरफ. आडवी काठी म्हणजे चाप. तिचे आतले टोक दगडाखाली लांबवर जाते आणि त्यालाच आमिष खोचतात. तरफेचे वरचे आखूड टोक दगडाच्या कडेखाली असते. दगड ते टोक खाली दाबतो, त्यामुळे टेकूच्या माथ्यावर तरफ फिरू पाहते आणि तिचे खालचे टोक बाहेर उसळू पाहते. ते टोक आडव्या काठीच्या खाचेत अडकलेले असल्याने आडवीही बाहेर ओढली जाते. तिला अडवते ती मधली खाच, जी टेकूच्या कोरीव कोपऱ्याला धरून बसलेली असते. सगळा डोलारा या एका पकडीवर उभा असतो.

थोडे गणित करू. फरशी दहा किलोची धरली तर तिची जमिनीला टेकलेली कड साधारण निम्मे वजन घेते. उरलेले पाच किलो तरफेच्या टोकावर. तरफेची खाच वरच्या टोकापासून चार सेंटिमीटरवर आणि खालचा भाग वीस सेंटिमीटर असेल, तर खालच्या टोकाशी ओढ उरते जेमतेम एक किलोची. म्हणजे दहा किलोचा दगड एका किलोच्या धाग्याला बांधून ठेवल्यासारखे झाले, आणि तो धागा एखाद्या रानउंदराच्या हिसक्यानेही तुटावा. तरफेचा नियम मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. बोटांना तो कळला तो या काठ्यांत.

आता कोरण्याबद्दल. लाकूड सरळ धाग्याचे, अंगठ्याएवढे जाड आणि बऱ्यापैकी सुकलेले हवे. ओले लाकूड वाळताना आकसते आणि खाचा सैल पडतात. बाभूळ चाकूला दाद देत नाही. पुण्यात मी सुबाभळीच्या फांद्या वापरतो, त्या सहज मिळतात आणि कोणाला त्यांचे दुःखही होत नाही. टेकूचा माथा पटाशीच्या धारेसारखा दोन्ही बाजूंनी तासायचा. तरफेची खाच त्या धारेवर बसेल अशी, धारेहून किंचित मोठ्या कोनाची. खाच पाडताना आधी काठीवर आडवा, सरळ खोल काप द्यायचा आणि मग दुसऱ्या बाजूने उतरत येऊन त्या कापापाशी थांबायचे. हा पहिला काप नसला तर चाकू पुढे घसरतो आणि धाग्याबरोबर लाकूड चिरत जातो.

खरी परीक्षा मधल्या पकडीची. टेकूच्या अंगावर दोन सपाट बाजू तासून काटकोनी कोपरा काढायचा आणि आडव्या काठीत त्याच मापाची चौकोनी खाच. कोपरा गोलसर राहिला तर चाप स्वतःभोवती फिरतो आणि काठ्या हात सोडताच लोळतात. खाच जास्त खोल गेली तर उलटे होते: सापळा आळशी बनतो, आमिष कुरतडून प्राणी निघून जातो आणि दगड तसाच उभा. उथळ खाच वाऱ्यानेही सुटते. या दोहोंमधली जागा केसभर असते, ती पुस्तकात सापडत नाही. अमेरिकी लष्कराच्या जगण्याच्या पुस्तिकेतही या चापाविषयी बजावलेले आहे की, याला नेमके कोन लागतात, तेव्हा सराव आधीच करून ठेवा. भुकेल्या माणसाची बोटे थंडीने आखडलेली असताना शिकायची ही गोष्ट नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

दगडाबद्दल दोन गोष्टी. खालची जमीन भुसभुशीत असेल तर आणखी एक सपाट दगड खाली लागतो, नाहीतर प्राणी मातीत दाबला जातो, मरत नाही. आणि वजन प्राण्याच्या कित्येक पट हवे, म्हणजे तो तत्काळ मरेल. हलका दगड हा यातला सर्वांत क्रूर दोष. आपल्या घरातल्या लाकडी फळीच्या उंदीरसापळ्यात दगडाची जागा स्प्रिंगने घेतली आहे, पण चापाची कल्पना तीच. अमेरिकेत विल्यम हूकर याने त्याचे पेटंट १८९४ मध्ये घेतले. तोवर काठ्या-दगडांची ही युक्ती किती जुनी झाली होती हे मोजणे अवघड, कारण ती पुरावा ठेवत नाही. काठ्या कुजतात, आणि उरतो तो दगड. रानात दगड पडलेला पाहून कोण थबकेल?

जिथे लाकूड कुजत नाही अशा जागा नेवाडात आहेत. सिएरा नेवाडा पर्वत आणि युटाच्या वासाच पर्वतरांगा यांच्यामधल्या या प्रदेशाला ग्रेट बेसिन म्हणतात. तिथले पाणी समुद्राला मिळतच नाही. सह्याद्रीच्या आड जसा आपला माणदेश, तसा सिएराच्या पर्जन्यछायेतला हा भाग, फक्त कितीतरी अधिक कोरडा आणि हिवाळ्यात बर्फाचा. तिथल्या लव्हलॉक गुहेत १९२४ च्या उत्खननात लव्हाळ्याची विणलेली, पिसे लावलेली बनावट बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. खरी बदके भुलून जवळ उतरावीत म्हणून ती पाण्यावर सोडत. आमिषाची कल्पना तिथे किती मुरलेली होती याचा यापेक्षा देखणा पुरावा मला माहीत नाही.

हा पायूट, शोशोनी आदी लोकांचा मुलूख. ज्युलियन स्टीवर्ड या मानवशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लोकांच्या अन्नाचा, हिंडण्या-फिरण्याचा तपशील दिला आहे. पिन्यॉन पाइनच्या बिया, गवताचे दाणे, कंद, सामुदायिक हाक्यात लांब जाळ्यांकडे पिटाळलेले ससे, आणि रोजच्या पोटासाठी बिळांतल्या खारी नि रानउंदीर. लहान प्राण्यामागे धावण्यात जेवढी ताकद जाते तेवढी तो खाऊन परत मिळत नाही. तेव्हा धावण्याचे काम दगडावर सोपवायचे, एक नव्हे तर अनेक सापळे मांडायचे आणि आपण कंद खणायला जायचे. माणूस झोपलेला असतानाही सापळा जागा असतो, यात त्याचे सारे अर्थशास्त्र आले.

पायूटांच्या नावाने ओळखला जाणारा चाप चारच्या आकड्याहून मला अधिक हुशार वाटतो. त्यात मधल्या खाचेऐवजी दोरी असते. तरफेच्या खालच्या टोकाला आखूड दोरी, दोरीच्या शेवटी बोटाच्या दोन पेरांएवढी खुंटी. ती खुंटी टेकूभोवती अर्धा वेढा घेते आणि तिचे मोकळे टोक एका बारीक, लांब काडीने अडवलेले असते; काडीचे दुसरे टोक दगडाच्या खालच्या अंगाला टेकलेले. काडीला नुसता स्पर्श झाला की खुंटी भिरभिरत सुटते. कोरीव काम जवळजवळ शून्य. पण दोरी हवी, आणि ती दोरी तिथले लोक एका रानझुडपाच्या सालीच्या तंतूंपासून मांडीवर वळून काढत. वनस्पतिशास्त्रात ते झुडूप आपल्या रुईच्याच कुळातले. हे कळल्यावर मी रुईचे दांडे सुकवून तंतू काढून पाहिले. दोरी बारीक, पांढरी आणि अनपेक्षित बळकट होते. चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

हे ज्ञान पुढे कसे फिरले ते पाहण्यासारखे आहे. डॅनियल कार्टर बिअर्ड यांच्या १८८२ च्या अमेरिकी मुलांसाठीच्या पुस्तकात सापळे हा सुट्टीतला उद्योग झालेला दिसतो. १९६७ मध्ये लॅरी डीन ओल्सन यांचे रानात तगून राहण्याच्या कौशल्यांवरचे पुस्तक आले आणि ग्रेट बेसिनच्या पद्धती शिबिरांतून शिकवल्या जाऊ लागल्या. 'पायूट' हे नाव सापळ्याला चिकटून राहिले, माणसे राखीव क्षेत्रांत गेली. रेनोपासून तासाभरावर पिरॅमिड लेकचे पायूट राखीव क्षेत्र आहे. शिबिरांच्या जाहिरातींत या कौशल्यांना 'आदिम' हे विशेषण लावतात, ते मला खटकते. एक किलोच्या ओढीवर दहा किलो तोलणाऱ्या रचनेत आदिम काय आहे, हे यंत्ररचनेच्या कुठल्याही परीक्षकाने मला समजावून द्यावे.

शिबिरे आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगतात. रानात हरवलेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतो तो थंडीने, उष्म्याने किंवा तहानेने. भूक फार मागाहून येते. शिवाय काठ्या उत्तम कोरल्या तरी त्या कुठे मांडायच्या हे कोण सांगणार? कुठल्या बिळात वावर आहे, ताज्या लेंड्या कुठल्या, पायवाट कुठल्या खडकाच्या आडून जाते, या ऋतूत प्राण्याला गोड हवे की खारट. सापळ्याचा हा मोठा अर्धा भाग एका मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने येतो. सरावाने हाती येतो तो लहान अर्धा. पुस्तकांतून उचलून नेता आला तोही तेवढाच.

महाराष्ट्रात हा मोठा अर्धा भाग ज्यांच्याकडे होता त्यांचे काय झाले, हे आठवल्याशिवाय मला चाकू उचलता येत नाही. फासेपारध्यांच्या नावातच त्यांचे साधन आहे. दगड नव्हे, फास: खुंट्यांना बांधलेल्या बारीक फासांची रांग, तितर-लाव्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर पसरलेली. पक्ष्याची चाल, त्याचा आवाज, उतरायची वेळ हे सगळे त्यांना तोंडपाठ. इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे जे कायदे केले त्यांत पारधी जन्मतःच गुन्हेगार ठरले. १९५२ मध्ये कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय काही विमुक्त झाला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणे तर येतेच, पण पकडणे, फास टाकणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. रिकामा पण मांडलेला सापळा त्या व्याख्येत बसू शकतो. कायदा आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रानात उरले आहे तरी किती. पण ज्यांचे पोट त्या फासांवर होते त्यांना दुसरे पोट कोणी दिले नाही, हेही त्याच हिशेबात लिहायला हवे. माझ्या टेबलावरच्या काठ्या पाहून शेजारी कौतुक करतात, नातवाला दाखवायला मागून नेतात. ह्याच वस्तू एखाद्या पारध्याच्या पालात सापडल्या तर पंचनामा होईल.

तेव्हा माझा सराव घरातल्या घरात चालतो. दगडाच्या जागी आधी जेवायचा पाट, हात बसला की शहाबादी फरशीचा तुकडा. मांडताना फरशीखाली एक वीट कायम ठेवलेली, म्हणजे काठ्या निसटल्या तरी बोटे वाचतात. वीट शेवटी, फरशीच्या बाहेर उभे राहून लांब काठीने ढकलून काढायची. आमिषाच्या जागी काही नाही. चाप सुटतो का ते दोरा बांधून, लांबून ओढून पाहायचे, चारी दिशांनी. पाहून झाले की काठ्या सुट्या करून डब्यात. रानात जातो तेव्हा डबा घरीच असतो. तिथे मी फक्त वाटा आणि बिळे पाहतो, आणि दर खेपेला त्या लहान अर्ध्याचा लहानपणा कळतो.

रेनोला कोरलेला काठ्यांचा पहिला संच अजून माझ्याकडे आहे. तिथल्या कोरड्या हवेत तो दोऱ्याच्या हलक्या झटक्याने सुटत असे. पुण्यात जुलैच्या दमट हवेत त्याचे लाकूड फुगते, मधली खाच टेकूला घट्ट धरून बसते आणि फरशी पडायचे नाव घेत नाही. दर पावसाळ्यात मी तिची कड कागदाच्या जाडीएवढी तासतो. मार्चपर्यंत ती पुन्हा सैल झालेली असते, आणि मग टेकूचा कोपरा नव्याने काढावा लागतो. टेकू आता मूळच्यापेक्षा बराच बारीक झाला आहे. आणखी दोन पावसाळे निघतील.